बहुमजली लाकडी इमारती: पॅनेलवर पुष्कळ बोललो, आता सांध्यांवर बोलू

आडवी_फळी

सीएलटी (थर एकमेकांना आडवे चिकटवून केलेलं लाकडी पॅनेल) आणि ग्लुलॅम (फळ्या एकाच दिशेत चिकटवून केलेलं लाकूड) यांच्या इमारतींवर वाचायला भरपूर मिळतं, पण त्यातलं बरंचसं उंचीच्या विक्रमांविषयी असतं. नॉर्वेतल्या ब्रुमुन्डालची म्योस्टॉर्नेट २०१९ मध्ये ८५.४ मीटरवर गेली, मिलवॉकीच्या असेंटने २०२२ मध्ये ८६.६ मीटर गाठले. या बातम्या चांगल्याच आहेत, पण आराखडा करायला बसलेल्या माणसाला त्यातून फारसं हाती लागत नाही.

म्हणून एक साधा नमुना समोर ठेवून बोलू. सहा मजल्यांचं ऑफिस. ग्लुलॅमचे खांब आणि तुळया, वर पाच थरांचा २०० मिमी सीएलटी (प्रत्येक थर ४० मिमी), सीएलटीचा गाळा (दोन टेकूंमधलं अंतर) ६ मीटर. जिना आणि लिफ्टचा गाभा काँक्रीटचा. आगीत ९० मिनिटं टिकण्याची मागणी. पावसाळा लांब, हवा उष्ण.

माझं म्हणणं असं, की यात पॅनेल स्वतः क्वचितच दगा देतं. आग, पाणी, आवाज आणि पुढे कधीतरी इमारत सोडवणं, हे सगळं दोन तुकडे जिथे भेटतात तिथे ठरतं. ज्यांना आकडे माहीत आहेत त्यांनी आकड्यांसकट लिहा.

---

तुळई

सुरुवात वजन खाली कसं उतरतं इथून करू, कारण पहिली चूक तिथेच होते.

लाकडाची तंतूंच्या दिशेतली आणि तंतूंना आडवी ताकद यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. जीएल२४एच या ताकद-वर्गाच्या ग्लुलॅमची तंतूंच्या दिशेतली दाबक्षमता २४ मेगापास्कल, आडवी फक्त २.५ च्या आसपास. म्हणून खांब, त्यावर सीएलटी, त्यावर पुढचा खांब अशी उतरंड सहा मजल्यांना करायची नाही. मधला सीएलटी चिरडतो. खांबावर खांब थेट टेकला पाहिजे: दोन्हीकडे पोलादी प्लेट, मध्ये नळी किंवा दांडा, आणि सीएलटी त्याभोवती कापून बसवलेला. व्हँकुव्हरच्या ब्रॉक कॉमन्समध्ये (२०१७, १८ मजले) हेच केलं आहे. तिथे तुळयाच नाहीत, सीएलटी थेट खांबांच्या टोकांवर टेकतो, पण खांबाचा भार पोलादातून पुढच्या खांबात जातो.

दुसरा मुद्दा आकसण्याचा. ओलावा १ टक्क्याने कमी झाला की लाकूड तंतूंना आडवं साधारण ०.२४ टक्के आकसतं, तंतूंच्या दिशेत ०.०१ टक्के. लाकूड १२ टक्क्यांवर आलं आणि वातानुकूलित ऑफिसात ८ टक्क्यांवर स्थिरावलं असं धरा. २०० मिमीचा स्लॅब भाराच्या वाटेत असेल तर तो १.९ मिमी दबतो, ३ मीटरचा खांब १.२ मिमी. मजल्यामागे ३ मिमीच्या वर, सहा मजल्यांना १८ ते १९ मिमी. स्लॅब भाराच्या वाटेतून काढला की उरतात सुमारे ७ मिमी, अधिक खांबाचा लवचीक दबाव आणि कालांतराने होणारी सरपट, म्हणजे कायम भाराखाली लाकडाचं हळूहळू दबत जाणं.

---

नवा_भिडू

सहा मजल्यांत १९ मिमी म्हणजे फारसं वाटत नाही. नेमकं काय बिघडतं?

---

तुळई

काँक्रीटचा गाभा तेवढा आकसत नाही, सगळी गोम त्यात आहे. लाकडी चौकट खाली जाते, गाभा जागेवर राहतो, आणि लिफ्टच्या दाराशी फरशीला उतार येतो. उभ्या नळांना दर मजल्याला घट्ट क्लॅम्प मारले असतील तर सांधे ताणले जातात. दर्शनी काचेच्या चौकटींत वरून फट ठेवली नसेल तर काच भार घ्यायला लागते.

उपाय अवघड नाहीत, फक्त नकाशावर आधी यायला हवेत. गाभ्याला जोडणाऱ्या पट्टीत उभी खाच ठेवायची, म्हणजे आडवा भार जातो आणि खाली सरकायला मोकळीक राहते. उभ्या नळांना सरकते क्लॅम्प आणि ठरावीक मजल्यांवर प्रसरण सांधे. खांबाच्या सांध्यात पातळ पोलादी पत्रे घालून पातळी सुधारायची सोय ठेवायची. ब्रॉक कॉमन्समध्ये काही मजल्यांवर असे १.६ मिमीचे पत्रे घातले होते.

---

काजळी

आता आग. लाकूड जळतं हे खरं, पण जाड लाकूड ठरावीक वेगाने जळतं आणि तो वेग हिशोबात घेता येतो. साधारण ३०० अंश सेल्सियसला लाकडाचा कोळसा होतो आणि कोळशाचा थर आतल्या लाकडाचं रक्षण करतो. युरोकोड ५ (लाकडी बांधकामाचं युरोपीय मानक) प्रमाणे एका बाजूने जळणाऱ्या मऊ लाकडाचा वेग ०.६५ मिमी प्रति मिनिट, ग्लुलॅमच्या कडा गोल होतात ते धरून ०.७. त्यामागचा ७ मिमीचा तापलेला थर ताकदीत धरायचा नाही.

नमुन्यातला स्लॅब खालून ९० मिनिटं जळला तर ५८.५ अधिक ७, म्हणजे ६५.५ मिमी गेले. आकडा ऐकून १३४ मिमी उरले असं वाटतं, पण खालचा ४० चा लांब थर पूर्ण गेला आणि दुसरा थर आडवा आहे, तो वाकण्याला कामाचा नाही. खरोखर उरतात तीन थर, १२० मिमी. जडत्व-आघूर्ण (वाकण्याला छेद किती विरोध करतो त्याचं माप) मीटरमागे ५.२८ × १०⁸ वरून १.३९ × १०⁸ मिमी⁴ वर येतं, म्हणजे मूळच्या २६ टक्के. आगीच्या वेळचा भार कमी धरतात म्हणून हे बहुधा चालतं, पण 'दोन तृतीयांश जाडी शिल्लक आहे' असं धरून चालणाऱ्याचा हिशोब पार चुकतो.

आणि हे सगळं गोंद टिकला तर. साधा पॉलियुरेथेन गोंद तापला की जळलेला थर गळून पडतो, खालचं ताजं लाकूड उघडं होतं आणि पुढच्या २५ मिमीपर्यंत वेग दुप्पट धरावा लागतो. ४० मिमीच्या थरांत त्याने ९० मिनिटांत ५८.५ ऐवजी सुमारे ७१ मिमी जातात. थर २० मिमीचे असतील तर प्रत्येक थर गळतो, दुप्पट वेग कधी उतरतच नाही आणि ९७ मिमी जातात. त्यामुळे ऑर्डरमध्ये फक्त '२०० मिमी सीएलटी' लिहिणं पुरेसं नाही. थरांची जाडी आणि क्रम लिहा, आणि गोंद कोणत्या चाचणीत उतरला आहे ते लिहा. अमेरिकेच्या सीएलटीसाठीच्या पीआरजी ३२० मानकाने २०१८ च्या आवृत्तीपासून, आगीत थर गळणार नाही अशा गोंदाची खोलीएवढी मोठी चाचणी बंधनकारक केली, ती याच कारणाने.

---

उघडं_छत

काजळी, हिशोब पटला. पण मग छताचं लाकूड न झाकता उघडं ठेवायला हरकत काय? लाकूड दिसायलाच नको असेल तर लोक ते घेणार कशाला? अमेरिकेच्या आयबीसी २०२१ या इमारत नियमावलीत चौथ्या प्रकाराचे, म्हणजे जाड लाकडी बांधकामाचे, तीन नवे पोटप्रकार आले: १८ मजल्यांपर्यंत पूर्ण झाकलेलं लाकूड, १२ मजल्यांपर्यंत काही भाग उघडा, ९ मजल्यांपर्यंत बहुतेक उघडं. मधल्या प्रकारात २०२१ मध्ये छताचा २० टक्के भाग उघडा ठेवता येत होता, २०२४ च्या आवृत्तीत संपूर्ण छताला परवानगी मिळाली. चाचण्या झाल्यावरच ती सवलत वाढली ना?

---

काजळी

> चाचण्या झाल्यावरच ती सवलत वाढली ना?

हो, आणि स्प्रिंकलर असणं हा त्या सवलतीचा पाया आहे. तो पाया काढून सवलत घेता येत नाही.

स्लॅबची ताकद आणि आगीचा फैलाव हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. वरचा हिशोब फक्त पहिल्याचं उत्तर देतो. २०२१ पासून फ्रान्समध्ये ३५२ चौरस मीटरच्या मोकळ्या खोलीत कोडरेड नावाच्या चाचण्या झाल्या, छत उघड्या सीएलटीचं होतं. ज्वाळा छताला लागल्यावर आग खोलीभर फार झपाट्याने पसरली. छत स्वतःच इंधन असतं आणि त्याची उष्णता खालचं सामान पेटवते. शिवाय ज्वाळा विझल्यावरही ठिकठिकाणी लाकूड आत धुमसत राहिलं. अग्निशमन दलाला नंतरही ते धुमसणं शोधून विझवावं लागतं, आणि ते मुख्यतः पॅनेलच्या सांध्यांत आणि खांबाशी जुळणाऱ्या फटींत सापडतं.

म्हणून खुल्या ऑफिसात माझं मत असं: छत उघडं ठेवायचं तर भिंती झाका. समोरासमोरचे दोन उघडे पृष्ठभाग एकमेकांना तापवत राहतात आणि आग आपोआप विझायचं नाव घेत नाही. झाकायला १६ मिमीचे टाइप एक्स (आगीला जास्त टिकणारे) जिप्सम बोर्ड, दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता. पहिल्या थराचे स्क्रू आखूड आणि दुसऱ्याचे लांब, म्हणजे दुसरा थर थेट लाकडात धरला जातो.

---

आडवी_फळी

लपवलेल्या जोडण्यांचंही लिहा कुणीतरी. तुळई खांबाला जोडणारा पोलादी हँगर तुळईच्या पोटात असतो म्हणून तो सुरक्षित आहे असं गृहीत धरलं जातं.

---

तुळई

तो सुरक्षित असतो, पण त्याभोवतीचं लाकूड पुरेसं असेल तरच. ९० मिनिटांना ०.७ × ९० अधिक ७, म्हणजे ७० मिमी प्रत्येक उघड्या बाजूने. २४० मिमी रुंद तुळईतून मध्ये १०० मिमी उरतात. हँगर १२० मिमी रुंद निवडला तर दोन्ही कडांना त्याचे १० मिमी उघडे पडले. खालूनही ७० मिमी लाकूड हवं, म्हणून हँगर तुळईच्या तळापर्यंत आणायचा नाही. खांबही तसाच: ४०० × ४०० चा खांब चारही बाजूंनी जळला की २६० × २६० उरतो, भार त्यावर तपासायचा.

दुर्लक्षित जागा म्हणजे तुळई आणि खांब यांमधली उभी फट. बसवताना ती काही मिलिमीटर असते, आकसल्यावर वाढते, आणि गरम वायू तिथून थेट पोलादापर्यंत पोचतात. हँगरभोवती तुळईच्या आडव्या छेदावर (टोकाला, जिथे तंतूंची तोंडं उघडी असतात) फुगणारी अग्निरोधक पट्टी चिकटवायची, आणि ती तुळई उचलण्याआधी जमिनीवरच चिकटवायची. वर गेल्यावर हात पोचत नाही.

बांधकाम चालू असतानाचा काळही विसरू नका. तेव्हा ना जिप्सम असतो ना स्प्रिंकलर, आणि वेल्डिंग, कटिंग चालू असतं. उंच लाकडी इमारतींसाठी अमेरिकी नियमांत अट आहे की झाकण्याचं काम उभारणीच्या चार मजल्यांहून मागे पडू द्यायचं नाही.

---

पाणवठा

आगीवर एवढं बोलणं होतं, पण लाकडी इमारतींचं रोजचं नुकसान पाणी करतं. आग लागली तर कळते, पाणी झाकलेल्या जागी वर्षभर बसून राहतं.

लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी कुजवत नाही. तंतू साधारण ३० टक्क्यांना तृप्त होतात, आणि त्याच्या जवळ लाकूड बराच काळ राहिलं की कुजणं सुरू होतं. उष्ण हवेत बुरशीला तापमानाचीही मदत असते, म्हणून थंड देशांत खपून जाणारी दिरंगाई इथे खपत नाही.

सीएलटीच्या सपाट पृष्ठभागावर पाऊस पडला तर पाणी हळूहळू शिरतं आणि पुसलं तर बरंचसं निघतं. आडव्या छेदातून मात्र कितीतरी पट वेगाने शिरतं. म्हणजे धोका पुन्हा कडांना: पॅनेलची टोकं, खांबासाठी कापलेली भोकं, नळांची छिद्रं, दोन पॅनेलांमधला सांधा. पाणी सांध्यात उतरतं, स्प्लाइनच्या (सांध्यावर बसवलेली जोडपट्टी) प्लायवुडखाली थांबतं आणि तिथून बाहेर पडायला वाटच नसते.

कारखान्यात करून घ्यायचं काम: सगळ्या आडव्या छेदांना सीलर, दोन हात. पॅनेलच्या वरच्या बाजूला स्वतः चिकटणारा, वाफ जाऊ देणारा पडदा. साइटवर पॅनेल बसल्याच्या दिवशीच सांध्यांवर टेप, संध्याकाळपर्यंत. मोकळ्या भोकांभोवती उंच कड आणि वर झाकण. पाणी कुठे वाहून जाणार ते आधी ठरवायचं, कारण सपाट स्लॅबवर ते खांबाच्या पायाशीच साचतं. ग्लुलॅमच्या खांबांची वेष्टनं खालून फाडून ठेवायची, नाहीतर आत उतरलेलं पाणी पिशवीत भरल्यासारखं राहतं.

मोजणी: टोचायचं मीटर वापरा, पण पिना आवरण असलेल्या आणि लांब हव्यात, म्हणजे फक्त टोकाशी मोजलं जातं. पृष्ठभागावर १२ टक्के आणि ४० मिमी खोल २४ टक्के अशी स्थिती सर्रास असते. सांध्यापासून ५० मिमीवर, भोकांच्या कडेला आणि पॅनेलच्या मध्यावर, तिन्ही ठिकाणी दोन खोलींवर नोंद घ्या. खोलातला आकडा १५-१६ च्या खाली आल्याशिवाय वर काहीही झाकायचं नाही. कार्यक्रमपत्रिकेत वाळवण्याचे दिवस नसतील तर झाकण्याची घाई होणारच, म्हणून ते दिवस सुरुवातीलाच मागून घ्या. आणि हीटर लावून झपाट्याने वाळवू नका, बाहेरचे थर आकसून उभ्या चिरा पडतात.

---

गच्चीवाला

पाणवठाच्या पोस्टला जोड. पूर्ण इमारतीत सगळ्यात वाईट जागा म्हणजे सीएलटीची सपाट गच्ची. वर वॉटरप्रूफिंग, खाली वाफरोधक, मध्ये लाकूड. गळती झाली तर खाली थेंब दिसेपर्यंत लाकूड भिजून गेलेलं असतं, कारण वाफरोधक थर पाणी अडवून धरतो.

दोन टक्के उतार स्लॅबमध्येच द्या, इन्सुलेशन कापून नको. लाकडावर आधी एक तात्पुरता जलरोधक थर, तो बांधकामात छप्पर म्हणून काम करतो. पाण्याच्या निचऱ्याची तोंडं खांबाच्या डोक्यावर कधीच नको. आणि खोलगट जागी ओलावा मोजणारे सेन्सर पुरून ठेवा, एकूण खर्चाच्या मानाने ते नगण्य असतात.

बाथरूमलाही हेच: जलरोधक थर भिंतीवर १५० मिमी चढवा, आणि ट्रेखाली गळती दिसेल अशी वाट ठेवा.

---

नवा_भिडू

उष्ण, दमट हवा आणि वाळवी असेल तिथे सीएलटी वापरूच नये का?

---

पाणवठा

वापरता येतं. सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातली गाया ही सुमारे ४३,५०० चौरस मीटरची इमारत २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचा मोठा भाग सीएलटी व ग्लुलॅमचा आहे. पण थंड देशातला भिंतीचा छेद जसाच्या तसा उचलायचा नाही.

थंड देशात वाफ आतून बाहेर ढकलली जाते, म्हणून वाफरोधक आत असतो. वातानुकूलित इमारतीत दमट बाहेरची वाफ आत ढकलली जाते. तोच पडदा आत ठेवला तर वाफ त्याच्या मागे, थंड लाकडापाशी अडते आणि तिथे बुरशी धरते. इथे हवाबंद आणि वाफ रोखणारा थर बाहेर हवा, आणि आतली बाजू श्वास घेणारी. आतून विनाइल वॉलपेपर किंवा जाड ऑइलपेंट लावला की सगळं उलटं होतं. एसी रात्री आणि सुट्टीत पूर्ण बंद करण्याची सवयही वाईट, गार पृष्ठभागावर दमट हवा येऊन दव धरतं. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवणारी यंत्रणा वेगळी चालली पाहिजे.

वाळवीला स्प्रूस (सीएलटीत वापरतात ते मऊ लाकूड) आवडतंच. बोरेट या कीडनाशक क्षाराचा फवारा पृष्ठभागापुरता राहतो, जाड सीएलटीच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि पाण्यात धुऊन जातो. चिकटवण्याआधी फळ्यांवरच प्रक्रिया करायची तर गोंदाची पकड नव्याने तपासावी लागते. म्हणून भर आडव्या अडथळ्यांवर द्या: तळमजला काँक्रीटचा, लाकूड जमिनीपासून किमान ३०० मिमी वर, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी सर्व छिद्रांभोवती, आणि पाया बाहेरून पाहता येईल असा मोकळा. वाळवीच्या मातीच्या वाटा दिसल्या पाहिजेत, त्यासाठी पायाभोवती बागेची माती चढवू देऊ नका.

---

शांतता

आवाजाचं कुणी बोललं नाही. पाच थरांच्या १७५ मिमी उघड्या सीएलटीचा एसटीसी (हवेतून येणारा आवाज अडवण्याचा अंक) ३९ च्या आसपास असतो आणि पावलांच्या आवाजाचा आयआयसी २५ च्या आसपास. घरांसाठी अमेरिकी नियम दोन्हींना ५० मागतात. काँक्रीट आपल्या वजनाने आवाज अडवतं: २०० मिमी सीएलटी चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास, तेवढाच काँक्रीट स्लॅब ५०० किलो. लाकडाला ते वजन वरून द्यावं लागतं.

चालणारी रचना, खालून वर: सीएलटी, ६० मिमी कोरडी खडी, ३० मिमी मऊ खनिज लोकर, वेगळा पडदा, ५० मिमी स्क्रीड (सिमेंटचा समतल थर), फरशी. भिंतीच्या कडेला १० मिमी फोम पट्टी, स्क्रीड भिंतीला कुठेही टेकू द्यायची नाही. एका ठिकाणी मॉर्टर उतरून भिंतीला भिडलं तरी पूर्ण मजल्याचा फायदा जातो. ओली स्क्रीड ओतण्याआधी खाली जलरोधक पडदा हवाच, नाहीतर पाणवठा म्हणतात ते दुखणं आपणच आणतो.

यात एक गाठ आहे. वर चौरस मीटरला २०० किलो भर घातली की कंप बिघडतो. नमुन्यातल्या ६ मीटरच्या पट्ट्याची मूळ वारंवारिता, फक्त वाकणं धरून, उघड्या पॅनेलला सुमारे १०.८ हर्ट्झ येते. भर घातल्यावर ६ हर्ट्झच्या आसपास, आणि टेकू देणारी तुळई वाकते ते धरलं तर आणखी खाली. युरोकोड ५ ची जुनी सरळ पद्धत ८ हर्ट्झच्या वरच लागू होती. खाली गेलात तर त्वरणाचा हिशोब करावा लागतो, ऑस्ट्रियात तो करून ४.५ पर्यंत जातात. ऑफिसला बहुतेक वेळा हाच निकष स्लॅबची जाडी ठरवतो, ताकद नाही. गाळा ६ वरून ५.४ केला तर वारंवारिता जवळपास चतुर्थांशाने वाढते. जाडी वाढवण्याआधी ते करून पाहा.

दुसरं, भिंतीखालच्या लवचीक पट्ट्या. त्या बसवून त्यातूनच आरपार लांब स्क्रू मारले तर आवाज स्क्रूमधून जातो. स्क्रू कमी, आणि त्यांच्या वॉशरखालीही लवचीक चकती.

---

तुळई

शांतता, १००% सहमत. म्योस्टॉर्नेटच्या वरच्या सात मजल्यांचे स्लॅब काँक्रीटचे आहेत तेही वजनासाठीच. इमारत हलकी असल्याने वाऱ्यात वरचे मजले जास्त हलतात, त्यामुळे मुद्दाम जड केले.

---

हादरा

हलकेपणाचा भूकंपात उलट फायदा आहे, कारण भूकंपाचं बळ वजनाच्या प्रमाणात येतं. लाकूड स्वतः मात्र लवत नाही, एकदम तुटतं. त्यामुळे ऊर्जा शोषायचं काम सांध्यातल्या पोलादाला द्यावं लागतं.

अलीकडचं सर्वांत उपयोगी काम म्हणजे २०२३ मध्ये सॅन दिएगोच्या कंपन-मंचावर तपासलेली दहा मजली लाकडी इमारत. तिच्या भिंती पायाला घट्ट खिळलेल्या नव्हत्या. आतून उभे ताणलेले पोलादी दांडे, त्यामुळे भिंत हादऱ्यात एका कोपऱ्यावर उचलते आणि दांड्यांच्या ताणाने परत सरळ होते. भिंतीच्या कडेला इंग्रजी यू आकाराच्या पोलादी पट्ट्या असतात, त्या वाकून ऊर्जा खातात आणि नंतर बदलता येतात. १९९४ चा नॉर्थरिज आणि १९९९ चा तैवानचा ची-ची असे भूकंप तिच्यावर चालवले गेले आणि मुख्य सांगाडा शाबूत राहिला. या पद्धतीचं मूळ न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातलं आहे.

ताणलेल्या दांड्यांचा तोटा: लाकूड आकसतं आणि सरपटतं तसा ताण उतरतो. म्हणून दांड्यांची टोकं पुन्हा पोचता येतील अशी ठेवायची आणि पहिल्या वर्षानंतर ताण तपासायचा.

---

कर्बवही

कार्बनचा हिशोब मांडतो, कारण जाहिरातीत तो नेहमी अर्धवट असतो. ४५० किलो घनतेच्या, १२ टक्के ओलाव्याच्या एक घनमीटर लाकडात कोरडं लाकूड ४०२ किलो, त्यात निम्मा कार्बन, म्हणजे २०१ किलो. त्याला ४४/१२ ने गुणलं की सुमारे ७३७ किलो कार्बन डायऑक्साइड. नमुन्यातल्या स्लॅबच्या चौरस मीटरला १४७ किलो.

हा साठा आहे, बचत नाही. ईएन १५८०४ (बांधकाम साहित्याच्या पर्यावरण-हिशोबाचं युरोपीय मानक) मध्ये तो सुरुवातीला उणे आणि आयुष्याच्या शेवटी तेवढाच अधिक धरावा लागतो. उणे आकडा दाखवून शेवटचा लपवणं ही फसवणूक आहे. साठ्याला अर्थ येतो तो दोन अटींवर: तोडलेलं जंगल खरोखर पुन्हा वाढत असेल, आणि इमारत ते झाड वाढायला लागतं त्याहून जास्त टिकत असेल.

---

उघडं_छत

मग काँक्रीटपेक्षा फायदा नाही असं म्हणायचं का?

---

कर्बवही

फायदा आहे, पण तो साठ्याच्या ओळीत शोधू नका. सीएलटी करायला लागणारी ऊर्जा आणि सिमेंट-पोलादाची ऊर्जा यांची तुलना साठा बाजूला ठेवून करा. हलकेपणामुळे पायाचं काँक्रीट किती वाचलं ते धरा. मग आवाजासाठी घातलेली खडी, स्क्रीड, जिप्समचे थर हेही धरा. बऱ्याच तुलनांमध्ये नुसता सांगाडा मोजतात आणि वरचे थर विसरतात. आणि गरजेपेक्षा जाड पॅनेल वापरून 'जास्त कार्बन साठवला' म्हणणं तर सरळ लाकडाची नासाडी.

टिकण्याचा प्रश्न पुन्हा सांध्यापाशी येतो. नेदरलँड्समध्ये ड्रीबर्गनला ट्रायोडॉस बँकेचं ऑफिस २०१९ मध्ये झालं. ते १,६५,३१२ स्क्रूंवर उभं आहे आणि सोडवून पुन्हा जोडता येईल असं आखलेलं आहे. प्रत्येक भाग कुठे आहे याची नोंद ठेवली आहे. चिकटवलेल्या आणि वर स्क्रीड ओतलेल्या पॅनेलबाबत हे शक्य होत नाही.

---

आडवी_फळी

इथे नव्या तंत्रांत एक ताण आहे. स्वित्झर्लंडमधल्या टीएस३ पद्धतीत पॅनेलांच्या कडा काही मिलिमीटरच्या फटीत पॉलियुरेथेन राळ ओतून एकसंध जोडतात. त्याने स्लॅब दोन्ही दिशांनी काम करतो, तुळया लागत नाहीत, ८ × ८ मीटरचा गाळा जमतो, नळ आणि डक्ट मोकळे फिरतात. पण तो सांधा पुढे कापावाच लागणार. दुसऱ्या टोकाला डॉवेल-लॅमिनेटेड टिंबर: गोंद नाही, खिळे नाहीत. ६-८ टक्क्यांपर्यंत वाळवलेली कठीण लाकडाची खुंटी १२-१५ टक्क्यांच्या मऊ फळ्यांत ठोकतात, ती ओलावा घेऊन फुगते आणि घट्ट बसते. सोडवायला आणि पुन्हा कापायला उत्तम, पण एकाच दिशेने काम करतो आणि आडव्या भारासाठी वर प्लायवुड लागतं.

ऑफिसचे मजले पुढे बदलतील असं वाटत असेल तर मी दुसऱ्याकडे झुकेन.

गोंदाबद्दल एक नोंद. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सीएलटीचे थर सुटून तुकडा खाली पडला. कारण निघालं: फळ्या गरम केलेल्या होत्या, त्यामुळे दाब देण्याआधीच गोंद सुकायला लागला. म्हणून पुरवठादाराकडे दाब देण्यापर्यंतचा वेळ, फळ्यांचं तापमान आणि थर सुटण्याच्या चाचणीचे निकाल बॅचवार मागा.

---

पान्हा_दहा

शेवटी स्क्रूंबद्दल, कारण साइटवर सगळं त्यावर येतं.

पॅनेल ते पॅनेल: २७ मिमी प्लायवुडची स्प्लाइन किंवा अर्धी खाच, ८ मिमी अर्ध्या आट्यांचे स्क्रू. अर्ध्या आट्यांचा स्क्रू दोन तुकडे ओढून घेतो, पूर्ण आट्यांचा ओढत नाही, आहे त्या फटीत धरून ठेवतो. म्हणून आधी अर्ध्या आट्यांच्या स्क्रूने किंवा पट्ट्याने पॅनेल खेचून फट बंद करायची, मग ४५ अंशातले पूर्ण आट्यांचे.

इम्पॅक्ट ड्रायव्हर लांब स्क्रूंना वापरू नका. धक्क्यांनी डोकं पोलादी प्लेटवर आपटतं, ताण किती आला ते कळत नाही आणि मान तुटते, कधी लगेच, कधी आठवड्यांनी. टॉर्क ठरवता येणारं हळू ड्रिल, एका दमात, मध्ये न थांबता. ३०० मिमीच्या पुढे आधी पातळ वाट पाडा, नाहीतर स्क्रू वाकडा जाऊन बाजूने निघतो. ओलं लाकूड असताना पोलादी प्लेटवरचे पूर्ण आट्यांचे स्क्रू कसून बसवू नका. आणि कोरड्या लाकडात बसवलेले असतील तर ते भिजू देऊ नका, लाकूड फुगतं आणि स्क्रू ओढून तोडतं.

काँक्रीटशी जुळवताना: पॅनेल ±२ मिमीचं, काँक्रीट ±१० किंवा वाईट. भिंतीखाली २० ते ४० मिमी ग्राउटची (फट भरायचं सिमेंटचं पातळ मिश्रण) जागा ठेवा, आधी पातळीचे पत्रे, मग भिंत, मग ग्राउट. ग्राउट आणि लाकूड यांत जलरोधक पट्टी. अँकर बोल्ट आधी पुरण्यापेक्षा पॅनेल उभं राहिल्यावर ड्रिल करून बसवणं सोपं जातं.

उचलताना: ३ × १२ मीटर × २०० मिमीचं पॅनेल साडेतीन टनांच्या आसपास आणि ३६ चौरस मीटरचं शीड. वारा वाढला की वजन क्रेनच्या आवाक्यात असलं तरी पॅनेल हातात राहत नाही, म्हणून वाऱ्याची मर्यादा क्रेनच्या तक्त्यावरून नाही, पॅनेलच्या क्षेत्रफळावरून ठरवा. उचलायचे स्क्रू एकदाच वापरायचे, पुन्हा नाही. त्यांची भोकंही त्याच दिवशी बंद करा, आडव्या छेदातली असतील तर सीलर भरून.